नुसतं 'राह्यलो'

जयभीम, नमस्कार.

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि वाचून हसते हेही सांगून टाकते. कुणाच्या आत्याला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीवर मागे ओझं बसलं… मी मनातल्या मनात प्रत्येकाची उलटतपासणी घेते — उजेड किती होता, सोबत कोण होतं, आधी काय खाल्लं होतं. आमच्या घरात हे वळणच नाही. कळंबला आमच्या वस्तीनं आजोबांच्या काळात धम्म घेतला, तेव्हापासून नवस गेला, अंगात येणं गेलं, दाराची लिंबू-मिरची गेली. लहानपणी मी अंधाराला घाबरले की आई हातात कंदील द्यायची आणि म्हणायची, "जाय, पाहून ये काय हाय तिथं." मी पाहून यायचे. काही नसायचं.

म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. पाहून आल्यावरही काहीतरी होतं, असं एकदाच झालं. आणि तेही पडक्या विहिरीवर नाही, ट्यूबलाइटखाली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

यवतमाळला दत्त चौकाच्या मागे, एका कापड दुकानाच्या वर, आमची कंपनी होती. सॉफ्टवेअर कंपनी. आयटी म्हणजे पुणं नाहीतर बंगळूर अशी लोकांची पक्की समजूत, त्यामुळे पाहुणे विचारायचे, "यवतमाळात कंपनी? काय बनवता, तूरडाळ?" आम्ही 'मार्गी' बनवायचो. मोठ्या संस्थांची कामं गावोगाव पसरलेली असतात, कुठलं काम कुठवर आलं ते वरच्या साहेबाला एका जागी बसून दिसावं, यासाठीचं सॉफ्टवेअर. प्रत्येक काम म्हणजे पडद्यावर एक ओळ. कामाचं नाव, ते कुणाकडे, चालू की पूर्ण, आणि शेवटी 'शेरा' — तिथे केंद्रावरचा माणूस त्याच्या शब्दांत काय ते लिहायचा. मी टेस्टर होते. दुसऱ्यानं रांधलेल्यात खडा शोधायचा. सासूचंच काम, फक्त पगारी.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कापूस खरेदी करणारी एक संस्था. नाव घेत नाही. मुख्य कार्यालय पुण्याला, केंद्रं आमच्या जिल्ह्यात. पुण्याला एक मॅडम 'मार्गी' बघायच्या. हुशार बाई, पण पहिल्याच महिन्यात त्यांचा घाबराघुबरा फोन आला.

"वंदना, तुमच्या जिल्ह्यात एकही काम झालेलं नाही का हो? सगळीकडे राहिलं, राहिलं, राहिलं! मी वर काय सांगू?"

मी पडदा बघितला. शेऱ्यात लिहिलेलं — 'माल येऊन राह्यला', 'गाठी बांधून राह्यलो', 'ट्रक भरून राह्यलो'. मला हसू आवरेना. म्हटलं, "मॅडम, ही आमची वऱ्हाडी. 'करून राह्यलो' म्हणजे करतो आहे. काम चालू आहे. आधी करून, येऊन, भरून असं काही आलं की बिनघोर राहा."

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. पुढे तर फोनवर मलाच विचारायच्या, "काय वंदना, जेवून राह्यलीस का?" आमची दोस्तीच झाली त्या शब्दावरून. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं याच शब्दावर आहे.

ते वर्ष अळीचं. त्या काळात टीव्हीवर यवतमाळचं नाव रोज यायचं, कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे, मी त्यात शिरत नाही. बोंडं नीट उमललीच नाहीत. जो कापूस आला त्यातला कितीतरी पिवळा, किडका, दगडासारखा. अशा कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. आणि आमच्याकडची एक रीत सांगते, बाहेरच्याला ती कळायची नाही — कवडीला कुणी माल म्हणत नाही. चांगला कापूस उचलला गेला की गोदाम 'खाली', म्हणजे रिकामं. मागच्या भिंतीला कवडीचा डोंगर उभा असला, तरी खालीच. विचारा कुणालाही, "गोदाम खाली हाय का?" तो डोंगराकडे बघत सांगेल, "हो, खालीच हाय."

हंगाम लवकर आटोपला. केंद्रं एकेक करून बंद झाली. राळेगावच्या अलीकडच्या एका केंद्रावर माझा मामा चौकीदार होता, धम्मपालमामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ, लग्न न केलेला, बोलका, भाचीचं भारी कौतुक. "आमची वंदी कंपूटरच्या चुका काढते," असं तो एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगायचा. केंद्र बंद झाल्यावर कारकून गेले, हमाल गेले, मुकादम आपल्या गावी गेला. मामा तेवढा तिथे एकटा, कुलपांच्या राखणीला. तिथला कॉम्प्युटरही खोक्यात बांधून आमच्याकडे परत आला. ते खोकं माझ्या टेबलाखाली होतं. जेवणाचा डबा मी त्याच्यावर ठेवायचे.

पुण्याला हंगामाचा शेवटचा अहवाल द्यायचा होता. प्रमोद सर — आमचे मालक — माझ्यामागे उभे राहून एकेक ओळ तपासत होते. त्या केंद्राची शेवटची ओळ आली. 'दोन नंबर गोदाम रिकामे करणे.' पूर्ण. आणि शेरा…

राह्यलो

एवढंच.

"हे काय?" सर म्हणाले. मी म्हटलं, खाली करून राह्यलो असं काहीतरी असेल, पुढचं कापलं गेलं. काम पूर्ण झाल्यावर शेरा काढायचा राहून गेला. मी तो पुसला, ओळ बंद केली. दुसऱ्या दिवशी अहवाल काढायला बसले तर शेरा परत तिथेच. राह्यलो.

कोणी लिहिला ते प्रत्येक शेऱ्यामागे नोंदलेलं असतं. इथे ती जागा कोरी होती. कोरी राहूच शकत नाही, आमची रचनाच तशी नव्हती. मी ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याच्याशी भांडले, तो माझ्याशी भांडला. पुन्हा पुसला. जेवून आले, पुन्हा तेच. सर वैतागले. हा बिघाड पुण्याला दिसला तर पुढच्या वर्षी आपण घरी, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी त्यांनी केंद्रावर फोन लावला. मामानं उचलला. मग मीही बोलले.

"मामा, दोन नंबर गोदाम खाली झालं ना?"

"खालीच हाय वं. कधीचंच. कवडी हाय फक्त, मागून."

"कोणी काम करून राह्यलं का तिथं?"

"कोन करते आता? गडी गेले ना सारे. काहून?"

"काही नाही, आमच्याकडे चुकून चालू दाखवून राह्यलं."

"मंग पाहून येतो ना एकडाव," मामा म्हणाला. आमच्या घरचं वळण. पाहून यायचं.

सकाळी मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. म्हटलं चहाला गेला असेल. 'मार्गी' उघडलं. शेरा तिथेच होता. तेवढ्यात पुण्याहून मॅडमचा फोन.

"वंदना, त्या गोदामाच्या ओळीत 'राह्यलो' आहे. काम चालू आहे का अजून?"

"नाही हो मॅडम, पुढचं कापलं गेलंय. 'करून राह्यलो' असेल."

"पण मग 'करून' कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "तूच शिकवलंस ना, आधी करून, येऊन, भरून काहीतरी असतं. नुसतं 'राह्यलो' असेल तर त्याचा अर्थ काय होतो तुमच्यात?"

मी तो शब्द हळूच म्हणून बघितला.

नुसतं राह्यलो म्हणजे आमच्याकडेही तेच, जे पुण्यात. राहिलो. मागे राहिलो. सगळे गेले, मी राहिलो.

आणि दुसरी गोष्ट त्याच क्षणी सुचली. टेस्टर असून आधी सुचायला हवी होती. आमच्याकडे शेरा लांबला की त्याचा शेवट कापला जायचा. सुरुवात कधीच नाही. 'खाली करून राह्यलो' मधलं 'राह्यलो' उडालं असतं, 'खाली करून' उरलं असतं. हा शब्द कापलेला नव्हता. कुणीतरी एवढंच म्हटलं होतं.

"मॅडम, मामा फोन उचलत नाही," एवढंच मी बोलू शकले. त्यांना बिचारीला काही कळलं नसेल. मी फोन ठेवला आणि सरांसमोर जाऊन उभी राहिले. काय सांगितलं ते आठवत नाही. सरांनी प्रश्न विचारला नाही, गाडीची किल्ली घेतली. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

कळंब गेलं. चिंतामणीच्या देवळाच्या कमानीपाशी सरांचा हात स्टिअरिंगवरून कपाळाकडे गेला, मी खिडकीबाहेर बघत बसले. मी मनात काय म्हणत होते ते सांगते — बिघाड असू दे, बिघाड असू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी बिघाड मागत होते.

केंद्राचं फाटक नुसतं लोटलेलं. मामाच्या खोलीत चुलीवर भात, गार. दोन नंबर गोदामाचा दरवाजा उघडा होता, आणि आत मामाच्या चपला. आजवर मी कापसाचा डोंगर नेहमी नीट रचलेला पाहिला होता. हा अर्धा कोसळला होता. पिवळा, कुबट वासाचा, दाराच्या दिशेनं वाहत आल्यासारखा. मी मामाला हाका मारल्या. कापूस आवाज गिळून टाकतो… आपलीच हाक आपल्याला ऐकू येत नाही नीट.

सरांनी गावातून माणसं आणली. मुकादमही आला, त्याचं गाव जवळच होतं. फावडी, टोपल्या, हातांनी — मिळेल त्यानं उपसायला लागले. मामा भिंतीकडे सापडला. भिंतीत हवेसाठी जाळी होती, तिच्याखाली तोंड होतं म्हणून वाचला. बेशुद्ध, डोळ्यात-तोंडात सगळा कापूस, पण ऊब होती अंगात. मी त्याच्या नाकाशी हात धरून बसले, आणि श्वास लागला तेव्हा रडले. मोठ्यानं रडले, लाज नाही वाटत सांगायला.

"चला, मानूस भेटला," मुकादम म्हणाला, आणि फावडं टेकवलं. सगळे थांबले. थांबणारच. आम्ही एकाला शोधायला आलो होतो, तो मिळाला.

मामाला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. आई आली, मावशी आली. सगळे म्हणत होते, कंपूटरनं वाचवला. सर तर मोठेपणानं म्हणाले की बिघाड झाला तो बरा झाला. माझ्याही मनानं तेच धरलं होतं. कसं ते कळत नव्हतं, पण मामा अडकला होता, मामाचा जीव ओरडत होता, ते कुठूनतरी पोचलं. न मानणाऱ्या माणसालाही कधीतरी तेवढं मानू द्यावं, असं मी स्वतःला समजावलं. यात एक गाठ होती, तिच्याकडे मी बघत नव्हते. पहिला शेरा आला तेव्हा मामा अडकलाच नव्हता. तो तर शेऱ्यामुळे आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती केवळ ती ओळ बंद करायला. उघडली.

राह्यलो

खुर्चीत बसून राहिले. टेबलाखालचं खोकं पायाला लागत होतं. मी वाकून बघितलं, दोरी तशीच बांधलेली. मग उठले आणि तडक दवाखान्यात गेले.

मामा शुद्धीवर होता. आवाज बसलेला. मी त्याच्या जवळ बसले.

"मामा, तुम्ही आत असताना काही म्हणत होता का? मनात?"

"मले काई आठोत नाई वं. कापूस आला आंगावर, अन् मंग तू दिसली थेट."

"पण डोंगरावर कायले चढलात? नुसतं पाहून यायचं होतं ना?"

"खुंटीले गाठोडं होतं," तो म्हणाला. "आतून, दाराच्या मागं. फडक्यात बांधलेली भाकर, वाळून गेलती पार. मी म्हनलो, कोन इसरलं आपलं? सारे गडी गेले, अन् भाकर इथं? म्हनून वर चढून पाहून राह्यलो होतो, तिकडून कोनी…" आणि तो थांबला. माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.

मी दवाखान्याच्या बाहेरच्या बूथवरून मुकादमाला फोन लावला. तो चिडला. "अवं बाई, माहे सारे गडी सुटले. मी सोता सुटी देल्ली साऱ्यांले."

"मोजून दिली का?"

"गडी का बकऱ्या हायेत मोजाले? ज्याले जाचं तो गेला."

"तुमच्यातला कोणी नंतर दिसला नाही, असं कोणी आहे का?"

मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "लेतू… पन तो तिकडूनच दुसऱ्या जिनिंगवर जाईन म्हनत होता."

लेतू कोलाम आदिवासी होता. राळेगावकडच्याच एका पोडावरचा. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. शेवटच्या दिवशी घाईघाईत कवडी मागे ढकलत होते. हा डोंगराच्या मागच्या बाजूला टेकला असेल, डोळा लागला असेल. वरून टोपल्या रिकाम्या होत राहिल्या. संध्याकाळी दार लावलं, आणि गोदाम खाली झालं. पूर्ण.

त्याला काढला तेव्हा मी तिथे होते. जायलाच हवं होतं असं नाही, सर नको म्हणत होते. मुकादम पोत्यावर बसून डोकं धरून रडत होता. माणूस वाईट नव्हता तो. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी गेला असणार. म्हणजे पडद्यावर तो शब्द पहिल्यांदा दिसला, त्याच्या कितीतरी आधी.

तुम्ही विचाराल ते सगळं मी तपासलं आहे. केंद्राच्या फोनवरून कुणी 'मार्गी'ला जोडल्याची नोंद नाही. बाहेरून कोणी घुसल्याची खूण नाही. जुना शेरा कुठे अडकून परत वर येत होता का, तेही शोधलं, नुसतं 'राह्यलो' असं कुणीच कधी लिहिलेलं नव्हतं. लेतूला लिहिता-वाचता येत नव्हतं. कॉम्प्युटर त्यानं केंद्राच्या खिडकीतून पाहिला असेल तर असेल. नंतर ती ओळ मी किती वेळा उघडली! शेरा कोरा. पुन्हा कधी आला नाही. पुढे कंपनी बंद पडली, मी नागपूरला आले, मामाही आता नाही. मला अजून माहीत नाही ते काय होतं. भूत म्हणायला जीभ वळत नाही, आणि दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

पण मला रात्री जागं ठेवतं ते हे नाही.

आम्ही पोडावर गेलो होतो, सर आणि मी. लेतूची बायको अंगणात बसली होती. लहानखुरी, माझ्याच वयाची. तो दुसऱ्या जिनिंगवर आहे असंच ती धरून चालली होती, म्हणून कुणाला विचारायलाही गेली नव्हती. रोज त्याच्या वाटेकडे बघायची, एवढंच. बायका तिच्याभोवती होत्या, कोलामीत काहीतरी हळू बोलत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे बघितलं आणि आमच्या बोलीत विचारलं,

"तुमाले कोनं सांगतलं, तो आत राह्यला म्हनून?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मला बिघाड सांगता आला असता. मामाला दिसलेलं गाठोडं सांगता आलं असतं, तेही खरंच होतं. माझ्या तोंडून निघालं, "त्यानंच."

ती दचकली नाही. घाबरली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"मंग मले काहून नाई सांगतलं?"